डोक्यावरचं पंपघर

घड्याळ टेबलावर पडलं होतं आणि केव्हाचं वाजत होतं. आवाज बारीक होता, पण घरभर पोचत होता.

"अहो, बंद करा की ते! पाच मिनिटं झाली," बायको आतून म्हणाली.

"काय बंद करू?"

"घड्याळ! तुमच्या हाताशीच तर आहे."

त्यानं पाहिलं. घड्याळाचा छोटा दिवा लुकलुकत होता. त्यानं ते उचलून डाव्या कानाला लावलं. काहीच नाही. उजव्या कानाला लावलं, तर वाजत होतं. "बॅटरी उतरली असेल," असं म्हणून त्यानं बटण दाबलं आणि विषय मिटवला.

असा एक माणूस तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या घरात असतो. त्याला टीव्हीचा आवाज कमी वाटतो, फोनवर समोरचा पुटपुटतोय असं वाटतं, आणि दोष नेहमी बॅटरीचा असतो. आपण हसतो आणि सोडून देतो. पण या माणसाच्या बाबतीत हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. कारण या माणसाचं पोट कानावर होतं.

तो पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायचा. रस्त्याखालून जाणारा पाइप कुठे फुटला आहे, हे वरून दिसत नाही. पाणी वर येईलच असं नाही; ते आतल्या आत मुरत राहतं, वर्षानुवर्षं मुरतं, आणि एक दिवस रस्ता खचतो. म्हणून पहाटे, नळ सुरू व्हायच्या आणि वाहनं धावू लागायच्या आधी, एक माणूस रस्त्यानं काठी घेऊन फिरतो. काठी पोलादी, कमरेच्या वर येईल एवढी. वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक पाइपाच्या व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, आणि ऐकायचं. पाइप धड असेल तर शांतता. फुटला असेल तर फटीतून निसटणाऱ्या पाण्याचा 'शूं' असा एकसुरी आवाज येतो. तो कुठे जाड, कुठे बारीक, यावरून गळती किती पावलांवर आहे ते सांगायचं आणि रस्त्यावर पिवळ्या खडूनं गोल काढायचा. खणणारे मागाहून येतात आणि बरोबर त्या गोलात खणतात.

खात्यानं एक परदेशी यंत्रही घेतलं होतं. ते बहुतेक वेळ दुरुस्तीला असे. आणि असलं, तरी पाइप अर्धा लोखंडी आणि अर्धा प्लास्टिकचा निघाला की बिचारं गोंधळून जाई. तेव्हा साहेब म्हणत, "यंत्र राहू द्या, कानसेनांना बोलवा."

कानसेन हे त्याचं खात्यातलं नाव. सतरा वर्षांत त्यानं काढलेला गोल क्वचितच चुकला होता. एकदा एका मोठ्या चौकात त्यानं गोल काढला, आणि खणल्यावर फट त्या गोलाच्या मधोमध निघाली. मुकादमानं टोपी काढून त्याला सलाम केला होता. हे काम त्याला शिकवलं ते त्याच्या आत्यानं. आत्या त्याच खात्यातून निवृत्त झालेली, आणि काठी घेऊन फिरणारी खात्यातली पहिली बाई. तिनं त्याला ऐकायला शिकवलं, आणि ऐकणाऱ्यांचा एक नियमही दिला. काठी हातात घ्यायच्या आधी तासभर पंपघरात पाऊल टाकायचं नाही. टाकावंच लागलं, तर कानात स्पंजचे बोळे घालून. पंपघरात चार मोठे पंप अहोरात्र धडधडत असत. तिथून थेट आलेल्या कानाला पाइपाचं बोलणं कळत नाही.

कानसेन हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायचा. पंपघराच्या दारात खिशातून बोळे काढून घालायचा, तेव्हा पंपवाले त्याची चेष्टा करायचे. "आला बघा, राजाचा कान आला!" तो हसून मान डोलवायचा आणि बोळे घालूनच आत जायचा.

चार वर्षांपूर्वी त्याचं घर बदललं. नवं घर धरणाच्या बाजूला, शहरापासून लांब. बाहेरून वळसा घालून जाणाऱ्या रुंद रस्त्यानं मोटारसायकलवर चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला. एवढा वेळ नुसतं समोर बघत काय बसायचं? त्यानं हेल्मेटच्या आत बसणारे छोटे स्पीकर घेतले आणि त्यावर कादंबऱ्या ऐकायला लागला. शाळेत ज्यानं पुस्तकाला कधी हात लावला नव्हता, त्याला गाडीवर वाचनाचं वेड लागलं! जाडजूड कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, समुद्रावरच्या माणसांच्या गोष्टी. चार वर्षांत दीडशेच्या वर पुस्तकं झाली. एकदा तर गोष्टीचा शेवट राहिला म्हणून तो कार्यालयाच्या दारातून पुन्हा वळला आणि एक फेरी मारून आला. त्याचा हा आनंद खरा होता. त्यात वाईट काही नव्हतं, आणि कुणाला वाईट दिसलंही नाही.

आणि मग कोरडे खड्डे पडायला लागले.

बाळंतपणाच्या एका जुन्या रुग्णालयाला पाणी कमी पडत होतं. पंपघरापासून रुग्णालयापर्यंत सरळ एक रस्ता, जेमतेम पाऊण किलोमीटरचा. पंपघरातून निघालेलं पाणी आणि रुग्णालयात पोचणारं पाणी यांचा मेळ बसत नव्हता. वरच्या मजल्यावरची टाकी भरत नव्हती. नर्सबाया बादल्या घेऊन जिन्यावरून वरखाली करत होत्या. कानसेन पहाटे गेला, ऐकलं, आणि शिंप्याच्या दुकानासमोर गोल काढला. माणसांनी खणलं. पाइप ठणठणीत, भोवतीची माती कोरडी. आठवड्यानं त्यानं दुसरा गोल काढला, वह्यापेन्सिलींच्या दुकानासमोर. तिथेही माती कोरडी.

"कानसेन, आज फावडं न आणता पाटीच आणायला हवी होती, धूळ भरायला," मुकादम म्हणाला. माणसं हसली. कानसेनही हसला, पण त्याचा चेहरा पडला होता.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "हे बघा, रस्ता दोनदा फोडला. लोक मला फोन करतात. तिकडे बाळंतिणींना पाणी नाही. तुमचा मी मान राखतो, पण अजून एक कोरडा खड्डा पडला तर बाहेरची माणसं बोलवीन, आणि तुम्हाला मीटर वाचायच्या कामाला लावीन. काठी जमा करावी लागेल."

काठी जमा! त्या दोन शब्दांनी त्याच्या पायांखालची जमीन सरकली. त्या संध्याकाळी तो तडक आत्याच्या घरी गेला आणि पाइपावर, खात्यावर, रस्त्याखालच्या वायरींवर, सगळ्यांवर राग काढला. आत्यानं सगळं ऐकून घेतलं. तिचं वय बहात्तर. केस पांढरे, पण कान असे तयार की शेजारच्या घरात चमचा पडला तरी तो कुठे पडला ते ती सांगायची.

"उद्या मी येते," ती म्हणाली. "काठी तूच धर. मी नुसती उभी राहते."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दोघं त्या रस्त्यावर भेटली. रस्ता रिकामा होता. कानसेन गाडीवरून उतरला, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि लगेच कामाला लागला. पहिला व्हॉल्व्ह, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर त्याचा चेहरा उजळला.

"आत्या, इथे! स्पष्ट शूं येतोय. बारीक आहे, पण एकसुरी. ऐक तू."

आत्यानं काठीला हात लावला, पण कान लावला नाही. "तूच ऐक. डोळे मिट. काठी मी धरते, तू नुसता कान टेकव."

त्यानं डोळे मिटले.

"येतोय?"

"येतोय."

"मान अवघडेल तुझी. जरा सरळ उभा राहा, मी काठी तुझ्याबरोबर धरते. हं. अजून येतोय?"

"येतोय ना! आधीपेक्षा चांगला."

"उघड डोळे."

त्यानं डोळे उघडले आणि खाली पाहिलं. काठीचं खालचं टोक हवेत होतं! व्हॉल्व्हपासून वीतभर वर, कशालाही न टेकलेलं!

आणि शूं चालूच होता.

त्यानं वाटीपासून कान काढला. तरी चालू. आत्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली. तरी चालू. तो रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला आणि दोन्ही हात कानांवर दाबले. आता तर तो आणखीच स्पष्ट झाला. रस्त्याखाली नाही, पाइपात नाही. आवाज त्याच्या स्वतःच्या डोक्यात होता. दोन वेळा रस्ता फोडला होता तो या आवाजासाठी. दहा माणसांनी कमरेइतकं खणलं होतं ते त्याच्या कानातल्या गळतीसाठी!

"आत्या," तो म्हणाला, "हे केव्हापासून आहे मला?"

"ते तूच आठव. गाडीवरून उतरल्यावर कान वाजतात का रे?"

वाजायचे. रोज वाजायचे. दहा-पंधरा मिनिटांनी कमी व्हायचे, म्हणून त्याकडे त्यानं कधी लक्षच दिलं नव्हतं. आणि गेले काही महिने तो गाडीवरून उतरून थेट काठी हातात घेत होता, म्हणजे नेमका कान सर्वांत जास्त वाजत असतानाच.

"पण मी पंपघरात बोळे घालतो, आत्या! एक दिवस चुकवलं नाही."

आत्या त्याच्या गाडीपाशी गेली. हेल्मेट काढून तिनं आपल्या डोक्यात घातलं. "लाव तुझी गोष्ट. येताना होती तेवढ्याच आवाजात."

त्यानं बटण दाबलं. आत्यानं दोन्ही हातांनी हेल्मेट ओढून काढलं. "अगं बाई! अरे, हा माणूस कानात शिरून भांडतोय की काय? एवढ्या मोठ्यानं?"

"चालत्या गाडीवर एवढा मोठा नाही वाटत."

"का नाही वाटत?"

"वारा असतो ना. वाऱ्यात ऐकू येत नाही, म्हणून वाढवावा लागतो."

"म्हणजे वाऱ्याचा आवाज याच्याहून मोठा!"

ही साधी गोष्ट त्याच्या कधी डोक्यातच आली नव्हती. वारा म्हणजे वारा. तो काय आवाज करणार? आणि हेल्मेट तर डोकं पूर्ण झाकतं.

"हेल्मेट डोकं फुटू नये म्हणून असतं, सोन्या. कानासाठी नसतं," आत्या म्हणाली. "त्याच्या कडेकडेनं वारा घुसतो आणि आत घोंघावतो. वेगात गेलास की तो आपल्या पंपांना हार जात नाही. त्याच्यावर तू आणखी एक आवाज चढवलास. पंपघराच्या दारात बोळे घालतोस, आणि डोक्यावर पंपघर घालून रोज ऐंशी मिनिटं हिंडतोस! तुला कुणी सांगितलं नाही, हे खरं. मीही नाही सांगितलं. माझ्या वेळी मी सायकलवर फिरायची, मला काय ठाऊक हेल्मेटात गोष्टी ऐकतात ते! पण तू ऐकणारा माणूस आहेस. तुला कळायला हवं होतं."

त्या सकाळी रस्त्यावर गोल निघाला नाही. आत्या त्याला हाताला धरून त्याच रस्त्याच्या टोकाच्या रुग्णालयात घेऊन गेली. तिथे नव्या जन्मलेल्या बाळांचे कान तपासायची एक खोली होती आणि तपासणारी एक तरुण डॉक्टर.

"मोठ्यांची तपासणी दुपारी असते," डॉक्टर म्हणाली. "तोवर बसा. आवाज मात्र करू नका, बाळ झोपलंय."

ती दोघं कोपऱ्यात बसली. पाळण्यात एका दिवसाचं बाळ होतं, मुठी आवळून गाढ झोपलेलं. डॉक्टरनं मऊ टोकाची एक नळी त्याच्या इवल्याशा कानात अलगद बसवली. यंत्राच्या पडद्यावर रेघा हलू लागल्या.

"हे काय करता?" कानसेननं कुजबुजत विचारलं.

"या नळीतून बाळाच्या कानात बारीक टकटक सोडते. आणि कान काय उत्तर देतो ते ऐकते."

"बाळ झोपलंय. ते कसलं उत्तर देणार?"

"बाळ नाही देत. कान देतो." ती हसली. "आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, वाटाण्याएवढी. तिच्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, पंधरा-सोळा हजार. आवाज आला की त्या नाचतात. आणि नाचताना त्यांचा स्वतःचा एक आवाज होतो. फार बारीक. हे यंत्र तो ऐकतं. निरोगी कान नुसता ऐकत नाही, तो उत्तरही देतो."

पडद्यावर एकेक हिरवी रेघ उभी राहिली.

कानसेन पाळण्याजवळ गेला आणि खिळल्यासारखा उभा राहिला. सतरा वर्षं तो लोखंडाला कान लावून पाण्याचं बोलणं ऐकत आला होता. पण कान स्वतः बोलतो, हे त्याला आज कळत होतं! अजून धड जगही न पाहिलेल्या या जिवाच्या वाटाण्याएवढ्या जागेत हजारो तंतू जागे होते, आणि झोपेतही हाकेला ओ देत होते. कुणी शिकवलं त्यांना? एवढ्याशा जागेत कुणी बसवलं? जगातलं एकही यंत्र, खात्याचं ते परदेशी यंत्रसुद्धा, या एका दिवसाच्या कानापुढे काहीच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

"हे तंतू मोडले तर?" त्यानं विचारलं. "पुन्हा उगवतात?"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "माणसाला जन्माला येताना मिळतात तेवढेच. थकले असतील तर विश्रांतीनं सावरतात. मेले की मेले."

दुपारी तीच नळी, जरा मोठ्या टोकाची, कानसेनच्या कानात बसली. उजव्या कानाच्या हिरव्या रेघा उभ्या राहिल्या. काही ठेंगण्या, पण राहिल्या. डाव्या कानाच्या निम्म्या रेघा आल्या. बारीक, चढ्या सुरांच्या जागा रिकाम्याच राहिल्या. डॉक्टरनं दोनदा तपासलं. त्या जागांवरून उत्तर आलं नाही.

"काही भाग थकलेला असेल, तो परत येईल," ती म्हणाली. "काही येणार नाही. किती, ते दहा दिवसांनी कळेल. तोवर मोठ्या आवाजापासून लांब राहा."

"गोष्टी बंद?" त्यानं विचारलं. विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"दहा दिवस बंद. पुढे कायमच्या बंद कशाला? हेल्मेटच्या आत स्पंजचे बोळे घाला. बोळा वळून बारीक करायचा, कान वरून थोडा ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोट ठेवायचं."

"बोळे मला घालता येतात," तो म्हणाला. "पण बोळे घातल्यावर ऐकू काय येणार? आणि मागच्या गाडीचा भोंगा?"

"दोन्ही येईल. बोळा कान बंद करत नाही, आवाज खाली आणतो. वाराही खाली, गोष्टही खाली. एवढ्या गोंगाटात कान गांगरतो, त्याला शब्द सुटे करता येत नाहीत, म्हणून तुम्ही आवाज वाढवता. गांगरला नाही तर कमी आवाजात कळतं. करून बघा. वेग कमी ठेवा, हेल्मेटची काच खाली घ्या, आणि आवाज गाडी उभी असताना ठरवा. चालत्या गाडीवर वाढवायचा नाही. भोंगा ऐकू आला नाही, तर गोष्टच बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. रस्ताभर त्यानं दुसरी वाक्यं जुळवली होती. वायरी, जुने पाइप, असं बरंच काही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"साहेब, ते दोन खड्डे पाइपाचे नव्हते. माझ्या कानाचे होते. मला कानातच शूं ऐकू येतो. मी तो गळती म्हणून खुणावला."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही मला स्वतःहून सांगताय?"

"तिसरा खड्डा पाडण्यापेक्षा बरं. मला दहा दिवस द्या. तोवर रुग्णालयाला टँकरनं पाणी पाठवा. दहा दिवसांनी एकदा ऐकू द्या. चुकलो, तर काठी मी स्वतः आणून देईन."

साहेबांनी दहा दिवस दिले. खुशीनं नाही, पण दिले.

त्या दहा दिवसांत कानसेननं भोवतीचं जग पहिल्यांदा ऐकलं असं म्हटलं तरी चालेल. गाडीवर बोळे, आणि गोष्टी बंद. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, इंजिन बिघडलं की काय. वाऱ्याचं ते घोंघावणं नाहीसं झालं होतं, आणि त्याच्या जागी चाकांची घरघर, साखळीची कुरकुर, बाजूनं गेलेल्या ट्रकचा भोंगा, सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं. कान झाकला आणि जग उघडलं! त्यानं गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, बोळे काढून तळहातावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मुलाच्या खेळण्यात हरवावी एवढीशी वस्तू. पंपघरात तो ती सतरा वर्षं वापरत होता, आणि पंपघराबाहेर पडला की खिशात ठेवून देत होता.

सहाव्या दिवशी गाडीवरून उतरल्यावर उजवा कान वाजला नाही. आठव्या दिवशी बायको बाजूच्या खोलीत वहीचं पान उलटत होती, ते त्याला ऐकू आलं. तो उठून तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. परत उलट ना एक पान."

तिनं उलटलं. त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, तिनं आणखी तीन पानं उलटली.

दहाव्या दिवशी उजाडायच्या सुमारास तो पुन्हा त्या रस्त्यावर आला. तासभर आधी येऊन गाडी लावून, शांत बसून राहिला. मग उजव्या कानाला काठीची वाटी लावली. आता तो प्रत्येक व्हॉल्व्हवर दोनदा ऐकत होता. एकदा काठी टेकवून, एकदा उचलून. पहिल्या व्हॉल्व्हवर काही नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर, जिथे तो आत्यासमोर खुणेचा गोल काढणार होता, तिथेही काही नाही. चौथा गप्प होता, आणि पाचवाही. सहावा व्हॉल्व्ह रुग्णालयाच्या मागच्या फाटकापाशी होता. काठी टेकवली आणि तो श्वास घ्यायचा थांबला.

शूं. अगदी दुरून. त्यानं काठी उचलली. आवाज गेला! टेकवली. आला! उचलली, गेला!

तो फाटकापासून एकेक पाऊल मागे येत, जमिनीवर काठी ठेवत ऐकत गेला. बारा पावलांवर आवाज एवढा जाड झाला की लोखंडातून पाण्याचा थरकाप त्याच्या बोटांनाही जाणवला. पायाखाली दोन हात खोल, अंधारात, कुणाच्याही नजरेस न पडता एक झरा वाहत होता, आणि तो त्याच्याशी बोलत होता. त्यानं गोल काढला.

साहेब स्वतः आले. मुकादमाची माणसं खणू लागली. गुडघाभर खणलं, माती कोरडी. मुकादमानं कानसेनकडे पाहिलं, पण या वेळी चेष्टा केली नाही. मांडीभर खणलं. मग फावडं उचललं तेव्हा त्याला चिखल लागला होता. पुढच्या घावाला एक ओली रेघ दिसली, आणि मग जुन्या सांध्याच्या फटीतून पाण्याची चूळ उडून मुकादमाच्या तोंडावर आली!

"सापडलं!" माणसं ओरडली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. कुणी नर्स टाळ्या वाजवत होती.

साहेबांनी कानसेनच्या खांद्यावर हात ठेवला. "काठी तुमच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले.

त्या दुपारी तो पुन्हा डॉक्टरपुढे बसला. उजव्या कानाच्या रेघा चांगल्या उंचावल्या होत्या. डाव्या कानात दोन नव्या रेघा आल्या. चढ्या सुरांच्या तीन जागा मात्र तशाच रिकाम्या राहिल्या. डॉक्टरनं काही सांगायच्या आत त्याला कळलं.

संध्याकाळी आत्याच्या घरी बसला असताना तिनं विचारलं, "डावीकडचा शूं गेला का रे?"

"नाही गेला. तो आता राहणार."

तिनं नुसता त्याच्या डाव्या कानावर हात ठेवला. तो म्हणाला, "आत्या, पाइपाची गळती असली की आपण खणतो, सांधा बदलतो, रस्ता पुन्हा करतो. दुसऱ्या दिवशी कुणाला कळतही नाही. पण हा खड्डा कुणाला बुजवता येत नाही. मला एवढं मोठं देणं मिळालं होतं, आणि मी ते वाऱ्यावर उधळलं."

"अर्धं उधळलंस," आत्या म्हणाली. "उरलेलं सांभाळ. आणि दुसऱ्यांना सांग. मी तुला सांगायला उशीर केला, तू करू नकोस."

त्यानं सांगायला सुरुवात केली. खात्यातल्या मोटारसायकलवाल्या सत्तावीस जणांना त्यानं बोळे वाटले. पंपवाल्यांनी पुन्हा चेष्टा केली; त्यानं त्यातल्या दोघांना गाडीवर बसवून त्या रुंद रस्त्यानं एकदा बोळ्यांशिवाय आणि एकदा बोळे घालून नेलं. परत आल्यावर त्यांनी चेष्टा केली नाही. गोष्टी ऐकणं त्यानं सोडलं नाही. आता त्या कमी आवाजात ऐकतो, काच खाली घेऊन, जरा सावकाश गाडी चालवत. आणि म्हणतो की पूर्वी त्याला नुसतं काय घडलं ते कळायचं, आता सांगणाऱ्याचा श्वासही ऐकू येतो.

नागरिकहो, तुमच्यापैकी कितीतरी जण रोज गाडीवर गाणी ऐकत, गप्पा ऐकत, कुणी नुसताच वारा ऐकत कामाला जात असतील. गाडीवर असं ऐकण्याबद्दल तुमच्या गावचा नियम काय आहे ते आधी बघा आणि तो पाळा. पण काहीही ऐकत नसलात तरी वारा ऐकताच, आणि त्याला हेल्मेट अडवत नाही. गाडीवरून उतरल्यावर कान वाजत असतील, तर तो कुठल्याही बॅटरीचा दोष नाही. आत कुणीतरी थकलेलं आहे, आणि कदाचित मरत आहे. झोपलेल्या बाळाच्या कानातही जे उत्तर देतं, ते आपल्याला प्रत्येकाला एकदाच मिळतं, आणि ते गेल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

म्हणून किल्ली लावायच्या आधी कान झाका, आणि ऐकायचं ते हळू ऐका. कानसेनला हे कळायला रस्ता दोनदा खणावा लागला. आपल्याला तेवढं खणायची वेळ येऊ नये.